बाटलीतली नैसर्गिक निवड : बीएस्सीच्या लॅबमध्ये आठवडाभरात कशी दाखवायची

मायक्रोबायोलॉजीच्या बीएस्सीला उत्क्रांती बहुतेक ठिकाणी एक-दोन तासांत उरकतात. डार्विन, १८५९, जिराफाची मान, इंग्लंडातले काळे-पांढरे पतंग, झालं. मग पुढच्या कुठल्यातरी सत्रात अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा धडा येतो आणि बीटा-लॅक्टमेज, एफ्लक्स पंप अशी जंतूंच्या बचावाच्या साधनांची यादी पाठ होते. या दोन धड्यांचं नातं मुलांना कोणी सांगत नाही. व्हायव्हात विचारा, जंतू औषधाला दाद का देत नाहीत? उत्तर येतं, 'मॅडम, औषध दिलं की ते स्वतःला बदलून घेतात.'

हे उत्तर फळ्यावर खोडून काही होत नाही. मुलांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या बाटलीत निवड होताना पाहिली की ते आपोआप सुटतं. म्हणून ही कृती लिहून देते आहे. नागपुरातल्या साध्या कॉलेज लॅबमध्ये, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), बीओडी इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट, पुढे नुसतं बीओडी) आणि बाटल्या हलवत ठेवणारा एक शेकर एवढ्या सामानावर ती होते. मूळ प्रयोग पॉल रेनी आणि मायकल ट्रॅव्हिसानो यांचा, १९९८ साली 'नेचर'मध्ये आलेला. मी तो आपल्या लॅबला आणि आपल्या हवेला जुळेल असा मांडते आहे.

आधी काय करायचं नाही ते सांगते. उत्साही मुलांची पहिली मागणी ठरलेली असते: शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचं सांडपाणी आणू, अँटिबायोटिकच्या प्लेटवर टाकू, काय उगवतं ते पाहू. मी याला परवानगी देत नाही. गटाराच्या पाण्यातून अँटिबायोटिकवर जे उगवेल ते नेमकं काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि आपण त्याचं पीक काढत असतो. रुग्णाच्या नमुन्यातल्या जंतूंवर ग्रेडियंट प्लेट (एका कडेकडून दुसरीकडे औषधाचं प्रमाण वाढत जाणारी) लावून 'रेझिस्टंट तयार करणं' हेही विद्यार्थ्यांच्या लॅबचं काम नव्हे. निवड दाखवायला अँटिबायोटिक लागतच नाही. हवा पुरते.

जंतू कोणता? स्यूडोमोनास फ्लुरोसन्स. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे नाव नवीन नाही. कृषी केंद्रात बीजप्रक्रियेसाठी याचीच पावडर मिळते, हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात ती. पण पाकीट फोडून प्रयोगाला सुरुवात करू नका. त्यात टाल्क असतो, सोबत दुसरे पाहुणेही असू शकतात. शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जंतूची वाढ, चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जंतूसंग्रहांकडून मागवा. मूळ प्रयोगातला वाण एसबीडब्ल्यू-२५ आहे, ऑक्सफर्डजवळ शुगरबीटच्या पानावरून घेतलेला. दुसरा वाण हाती आला तर मुलांसमोर ठेवण्याआधी एकदा स्वतः लावून बघा, कारण सगळे वाण सारखे वागत नाहीत. धडधाकट माणसाला याचा सहसा त्रास होत नाही. तरी ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, स्टेरॉइड किंवा केमो चालू आहे, त्या विद्यार्थ्याला निरीक्षणाचं काम द्या. आणि हा प्रयोग लॅबमध्येच करायचा, होस्टेलच्या खोलीत नाही.

आता नागपूरची हवा. या जंतूला २८ अंश लागतं. पस्तिशीच्या वर तो नीट वाढत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. म्हणून उन्हाळी प्रोजेक्टसाठी हा प्रयोग ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जानेवारीच्या रात्री गार असतात, त्यामुळे बाटल्या नुसत्या ओट्यावर ठेवल्या तर वाढ रेंगाळते. बीओडी २८ वर लावून त्यातच ठेवा. लाईट गेली तर दार उघडू नका, आतलं तापमान बराच वेळ टिकतं.

माध्यम

जंतू वाढवायला किंग्ज बी नावाचं माध्यम घ्यायचं. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिली, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) १.५ ग्रॅम. पीएच ७.२. मॅग्नेशियम सल्फेट सगळ्यात शेवटी आणि थोडं थोडं घालायचं, एकदम ओतलं की साका बसतो. निम्म्या माध्यमात लिटरला १५ ग्रॅम या हिशेबाने अगार घाला, प्लेटसाठी. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. नळाचं पाणी वापरू नका. या माध्यमात लोह कमी असतं म्हणूनच हा जंतू पायोव्हर्डिन नावाचं हिरवट-पिवळं रंगद्रव्य सोडतो आणि यूव्ही दिव्याखाली प्लेट उजळते. आपलं कल्चर खरंच स्यूडोमोनास फ्लुरोसन्सच्या गटातलं आहे का, याची ही पहिली ढोबळ खूणही आहे.

बाटल्या लावणं

कल्चर प्लेटवर स्ट्रीक करून एकच गुळगुळीत कॉलनी निवडा आणि तिच्यापासून ब्रॉथमध्ये, म्हणजे अगार न घातलेल्या पातळ माध्यमात, रात्रभराचं कल्चर करा. 'एकच कॉलनी' या शब्दांवर मुलांना थांबवा. कॉलनी म्हणजे एका पेशीची संतती. पुढे बाटलीत जी काही विविधता दिसेल ती या एका पेशीच्या वंशात निपजलेली असेल, बाहेरून आलेली नसेल. ही अट पाळली नाही तर पुढच्या निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

मॅकार्टनी बाटल्या घ्या, साधारण ३० मिलीच्या. प्रत्येकीत ६ मिली ब्रॉथ आणि ६ मायक्रोलिटर कल्चर. झाकण अर्धा आटा सैल ठेवा, हवा जायला हवी. निम्म्या बाटल्या बीओडीत स्थिर, निम्म्या शेकरवर १५० आरपीएमला. तापमान, माध्यम आणि जंतू दोन्हीकडे तोच. फरक एकच: शेकरवरच्या बाटलीत हवा सगळीकडे सारखी मिसळते, स्थिर बाटलीत नाही. शिवाय जंतू न घातलेली एक-एक बाटली दोन्हीकडे ठेवा. ती गढूळ झाली तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात.

स्थिर बाटल्यांना हात लावायचा नाही. हा नियम कागदावर लिहून बीओडीच्या दाराला चिकटवा. 'जरा बघतो' म्हणून कोणी बाटली उचलून तिरकी केली की दोन दिवसांचं काम तळाला जातं. पाहायचं असेल तर दार उघडून, टॉर्च बाजूने धरून, बाटली जागेवरच ठेवून पाहायचं.

काय दिसतं

पहिल्या दिवशी सगळ्या बाटल्या सारख्याच गढूळ असतात आणि मुलांचा विरस होतो. पण खरं नाट्य त्याच दिवशी सुरू झालेलं असतं. स्थिर बाटलीतल्या पेशी वाढता वाढता ब्रॉथमधला ऑक्सिजन संपवतात. वरच्या पातळ थरात तेवढा ऑक्सिजन उरतो, कारण तिथे तो हवेतून विरघळत राहतो. खाली अन्न आहे पण श्वास नाही. म्हणजे पूर्वजांनीच आपल्या वाढीने पुढच्या पिढ्यांसाठी परिस्थिती बदलून टाकली. हे वाक्य मी मुलांकडून जर्नलमध्ये लिहून घेतेच, कारण परिसर ही तयार चौकट असते आणि जीव त्यात येऊन बसतो, असा समज पुस्तकातून पक्का झालेला असतो.

साधारण तिसऱ्या दिवशी पृष्ठभाग बदललेला दिसतो. आधी काचेच्या कडेला एक बारीक पांढरट कडं धरतं, मग ते आत पसरतं आणि संपूर्ण पृष्ठभाग झाकला जातो. दुधावरच्या सायीसारखाच दिसतो तो, सुरकुत्यांसकट. शेकरवरच्या बाटल्यांत असं काही नाही, त्या शेवटपर्यंत एकसारख्या गढूळ. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की वर्गात आवाज वाढतो. यवतमाळकडची एक मुलगी एकदा म्हणाली, 'मॅडम, हे तर दुसरंच काही उगवून राहिलं, घाण झाली वाटते.' हा संशय योग्य आहे, शास्त्रज्ञाला शोभणारा आहे. त्याचं उत्तर प्लेटवर मिळतं.

एक स्थिर आणि एक हलती बाटली घ्या. स्थिर बाटलीतला थर चिवट असतो, नुसत्या हलवण्याने सुटा होत नाही. निर्जंतुक काचेचे मणी घालून मिनिटभर व्हॉर्टेक्स करा. मग मायनस पाच, मायनस सहा आणि मायनस सात (लाख, दहा लाख आणि कोटी पट पातळ) ही डायल्युशन करून प्रत्येकी १०० मायक्रोलिटर किंग्ज बी अगारवर पसरा. २८ अंशांवर ४८ तास. चोवीस तासांत घाई करू नका, सुरकुत्या नीट उमटायला वेळ लागतो.

हलत्या बाटलीच्या प्लेटवर सगळ्या कॉलनी गोल, चकचकीत, गुळगुळीत. स्थिर बाटलीच्या प्लेटवर त्याच गुळगुळीत कॉलनींमध्ये सुरकुतलेल्या, कडा पसरलेल्या कॉलनी. कधीकधी तिसराही प्रकार सापडतो, धूसर, केसाळ कडांचा. सुरकुतलेल्यांना शोधनिबंधांत 'रिंकली स्प्रेडर' म्हणतात. आता त्या मुलीच्या संशयाची तड लावा. सुरकुतलेली कॉलनी यूव्हीखाली धरा, ग्रॅम स्टेन करा, ऑक्सिडेज टेस्ट करा आणि सगळं गुळगुळीत कॉलनीशी ताडून पाहा. निकाल सारखे येतात. एवढ्यावरून तो तोच वाण आहे हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण बाहेरची साधी घाण असेल तर ती बहुतेक इथेच पकडली जाते. शिवाय जंतू न घातलेल्या बाटल्या स्वच्छ राहिलेल्या आहेतच.

मोजणी विद्यार्थ्यांनाच करू द्या. प्रत्येक गटाचं प्रमाण वेगळं येईल आणि कोणीतरी विचारेल की बरोबर कोणाचं. सगळ्यांचं. प्रत्येक बाटलीत बदल वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पेशीत झाला, त्यामुळे बाटल्या एकमेकींशी तंतोतंत जुळणार नाहीत. आकडे एकसारखे करून आणलेले जर्नल मी परत देते.

पेशीच्या आत काय झालं

सुरकुतलेल्या वाणात बहुतेक वेळा एका नियंत्रक जनुकाची मोडतोड झालेली असते. डब्ल्यूएसपी नावाच्या जनुकगटातलं 'एफ' बिघडलं की सायक्लिक-डाय-जीएमपी नावाच्या संदेशरेणूचं उत्पादन सुटतं, आणि पेशी सेल्युलोज बाहेर टाकतच राहते. विभागलेल्या पेशी त्या सेल्युलोजने एकमेकींना चिकटून राहतात, काचेच्या कडेला धरतात आणि वर तरंगतो तो थर तयार होतो. वर म्हणजे ऑक्सिजनजवळ. लक्षात घ्या, इथे काही नवीन अवयव घडलेला नाही. एक ब्रेक तुटला, आणि या बाटलीत ब्रेक तुटणं फायद्याचं ठरलं.

हा बदल हवेची गरज होती म्हणून झाला का? हाच व्हायव्हाचा प्रश्न, आणि इथे थोडा हिशेब करायला लावा. एसबीडब्ल्यू-२५च्या जीनोममध्ये सुमारे ६७ लाख बेसजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं, आहेत. जीवाणूत डीएनएची नक्कल होताना एका बेसची चूक साधारण अब्जावधी नकलांत एखादी होते. सहा मिलीच्या बाटलीत वाढ पूर्ण झाल्यावर पेशीही अब्जावधी असतात. म्हणजे एखाद्या ठरावीक जागची चूक या गर्दीत कुठेतरी झालेली असण्याची शक्यता चांगलीच मोठी, गरज असो वा नसो. शेकरवरच्या बाटलीतही ब्रेक तुटलेल्या पेशी जन्मतात. तिथे त्यांची संख्या वाढत नाही एवढंच.

गरजेपोटी बदल होत नाही, आधीच झालेला बदल निवडला जातो, हे साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये आकड्यांनी दाखवलं. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने एका प्लेटवरच्या कॉलनींचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवला, आणि औषध कधी भेटलंच नाही अशा मूळ प्लेटवरही प्रतिरोधी कॉलनी आधीपासून होत्या हे सिद्ध केलं. वर्गात मी गांधीबागेतून आणलेल्या मखमलीचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवते आणि गुळगुळीत-सुरकुतलेल्या कॉलनींचा ठसा साध्या प्लेटवर घेऊन दाखवते. तंत्र हातात बसलं की १९५२चा युक्तिवाद पटायला वेळ लागत नाही.

दुसरा आठवडा असेल तर

खरं तर हा भाग सोडू नये असं मला वाटतं. सुरकुतलेल्या कॉलनीचं आणि गुळगुळीत कॉलनीचं वेगवेगळं ब्रॉथ करा. स्थिर बाटल्यांत दोन मिश्रणं लावा: एकात शंभर भाग गुळगुळीत आणि एक भाग सुरकुतलेला, दुसऱ्यात नेमकं उलट. सुरुवातीला प्लेट करा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. जो अल्पसंख्य असतो तो वाढताना दिसतो, दोन्ही मिश्रणांत. म्हणजे 'श्रेष्ठ' असा एकच वाण नाही, दुर्मीळ असण्याचाच फायदा आहे, आणि म्हणून दोघे टिकतात. तेच मिश्रण निम्मं-निम्मं करून शेकरवर लावा. तिथे सेल्युलोजचा खर्च करून हाती काही लागत नाही, आणि सुरकुतलेला मागे पडतो.

काही स्थिर बाटल्या तशाच ठेवून दिल्या की काही दिवसांनी थर फाटतो आणि बुडतो. कारण थरात पुन्हा गुळगुळीत पेशी निपजतात. त्या सेल्युलोज बनवत नाहीत, पण इतरांनी बांधलेल्या थरावर बसून ऑक्सिजन मात्र खातात. स्वतःपुरता त्यांचा फायदा होतो, त्यांची संख्या वाढते, आणि थर कमकुवत होऊन खाली जातो. निवड समूहाचं भलं पाहत नाही, पुढच्या पिढीतली संख्या पाहते. सहकार आणि फसवणूक यावर २००३ साली रेनी यांच्याच गटाने या बाटल्यांवरून काम प्रसिद्ध केलं.

रेझिस्टन्सच्या धड्याशी सांधा

बाटल्या समोर असतानाच टीबीचा हिशेब फळ्यावर मांडा. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन औषधं. आयसोनियाझिडला आपोआप प्रतिरोधी निघणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला साधारण दहा कोटींत एक. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर शंभरेक जंतू आधीच तयार बसलेले आहेत, बाकीचे मेले की जागा त्यांची. दोन्हींना एकाच वेळी प्रतिरोधी निघण्याची शक्यता मात्र एकावर चौदा शून्य एवढ्यांत एक, आणि एवढे जंतू रुग्णाच्या अंगात नसतात. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र, आणि म्हणून बरं वाटायला लागल्यावरही कोर्स पूर्ण. १९४०च्या दशकात एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले अनेक रुग्ण आधी सुधारले आणि मग प्रतिरोधी जंतूंनी पुन्हा खालावले, तेव्हा हे शिकावं लागलं. ज्या मुलाने बाटलीतला थर पाहिला आहे त्याला हे पाठ करावं लागत नाही.

आपल्या भागातल्या मुलांसमोर बोंडअळीचा विषयही निघतोच. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भात बीटी कपाशीचं (अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या वाणाचं) काय केलं ते त्यांनी घरी पाहिलं आहे. बीटी बियाण्याबरोबर थोडं नॉन-बीटी बियाणं का दिलं जातं, हे त्यांना याच वेळी विचारा. साध्या अळ्यांना जगायला जागा ठेवायची, म्हणजे प्रतिरोधी अळीचा पतंग झाला आणि तो जोडीदार शोधू लागला की त्याला बहुधा साधाच भेटेल, आणि प्रतिरोध पसरायला वेळ लागेल. जंतूंना जोडीदार लागत नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे तशीच चालत नाही, हा फरकही सांगा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय धडा अपुरा राहतो. जंतूंकडे फरक फक्त नकलेतल्या चुकांतून येत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हगवणीच्या शिगेलात एकाच वेळी अनेक औषधांचा प्रतिरोध दिसला, आणि तो आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूकडून शिगेलाकडे जसाच्या तसा जातो हे लक्षात आलं. प्लाझ्मिड, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं छोटं वेगळं कडं. डार्विनला याची कल्पना असणं शक्य नव्हतं. तरी त्याचा सिद्धांत इथे मोडत नाही. फरक आईकडून आला की शेजाऱ्याकडून, पुढच्या पिढीत त्याच्या किती प्रती उरतात हे परिसरच ठरवतो. फक्त वेग प्रचंड वाढतो. आमच्या बाटलीत प्लाझ्मिड नाही, तेव्हा प्रयोग दाखवतो तेवढंच खरं असं मुलांनी समजू नये.

आवराआवर

सगळ्या बाटल्या, प्लेट, टिप्स १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच धुवायला द्या. झाकणं सैल ठेवा, नाहीतर बाटल्या फुटतात. बेसिनमध्ये ब्रॉथ ओतू नका, जंतू निरुपद्रवी असला तरी ही सवय पुढे रुग्णांच्या नमुन्यांवर काम करताना लागते. ओटा ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

टाकण्याआधी मात्र मूळ पूर्वज आणि प्रत्येक गटाची एक सुरकुतलेली कॉलनी जपून ठेवा. रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ ला ई. कोलायचे बारा वंश सुरू केले आणि दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवत गेले. त्यामुळे सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका वंशाला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट खाता येऊ लागलं, तेव्हा मागे जाऊन त्याच्या पूर्वजांना पुन्हा वाढवून तपासता आलं. आपल्याला एवढं नको. कल्चर आणि निर्जंतुक ५० टक्के ग्लिसरॉल समप्रमाणात मिसळून लहान व्हायलमध्ये घ्या आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्याकडे तो नसेल तर विद्यापीठाच्या विभागाला विनंती करा. नुसतं उणे २० असेल तर दर काही महिन्यांनी जिवंत आहे का ते तपासा. लेबलवर वाण, बाटलीचा क्रमांक, स्थिर की हलती, प्लेट केल्याची तारीख आणि गटाचं नाव, सगळं न पुसणाऱ्या मार्करने. पुढच्या वर्षीच्या बॅचने आपली नवीन सुरकुतलेली कॉलनी याच व्हायलमधल्या पूर्वजाशी ताडून पाहायची आहे.